सांभाळा, गरम आहे

एका पत्राला मी बरेच दिवस उत्तर दिलं नाही. ते टेबलाच्या काचेखाली, थेट माझ्या डोळ्यांसमोर होतं. हरवलं असतं तर सुटलो असतो असं मला रोज वाटायचं. पण मी जन्मभर ग्रंथपालाची नोकरी केली, माझ्या हातून कागद हरवत नाही. आयुष्यात हीच एक गोष्ट मला नीट जमली आणि ऐन वेळी तीच आड आली.

पत्र एका रेस्टॉरंटच्या मालकाचं होतं. आम्ही सुट्टीला तळ्याकाठच्या एका गावी गेलो असताना त्यांच्याकडे माझ्या मांडीवर टोमॅटोचं वाफाळतं सूप सांडलं होतं. अशा वेळी सहसा गिऱ्हाईक पत्र लिहितं. इथे मालकांनीच मला लिहिलं होतं. 'आपल्या इच्छेप्रमाणे आमच्या त्या वेटरना आम्ही हॉलमध्ये वाढायला येऊ देत नाही,' असा मजकूर होता. 'ते मागच्या खोलीत ग्लास पुसतात. आपली जखम बरी झाली असेल आणि आपली हरकत नसेल, तर दोन ओळी लिहाव्यात. ते आमच्याकडचे सर्वांत जुने आहेत. टपाल आलं की हातातलं काम टाकून दाराशी येतात.'

अशी कुठलीही इच्छा मी व्यक्त केली नव्हती. मी इच्छा सहसा व्यक्तच करत नाही. केलीच तर चहात साखर जरा कमी घाल, इतपत. आणि तीही पुरी होतेच असं नाही.

मग हे झालं कसं, ते सांगायचं तर माझ्या कानापासून सुरुवात करायला हवी. उजव्या कानाने मला ऐकू येत नाही आणि डावा अर्धवट चालतो. हे सुरू झालं तेव्हा मी नोकरीत होतो आणि ग्रंथालयात कुणी मोठ्याने बोलत नसल्यामुळे ते कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही. हल्लीचे वाचक फार शिस्तीचे झाले आहेत असं वाटून मी समाधानात होतो. निवृत्तीनंतर मात्र आमच्या हिने मला धरून नेलं आणि कानाला मशीन लावून आणलं. मशीन चांगलं आहे, पण मला त्याचा संकोच वाटतो. चष्मा लावला की माणूस वाचणारा दिसतो; कानात मशीन घातलं की नुसता म्हातारा दिसतो. शिवाय चार माणसं जेवत असतील तिथे ते मशीन काटे-चमच्यांचा आवाज असा काही मोठा करतं, की कुणी भांड्यांचं कपाट कानात ओतत असावं. म्हणून बाहेर जेवायला बसलो की मी ते हळूच काढतो, रुमालात गुंडाळतो आणि मांडीवर ठेवतो.

त्या दिवशीही ठेवलं होतं. सोबत ही होती आणि हिचा धाकटा भाऊ होता. मेहुणा विमा कंपनीत होता. लोकांनी नुकसानभरपाई मागितली की ती का देता येत नाही हे शोधून काढणं, हे त्याचं तिथलं काम. त्यात त्याने नाव कमावलं. तो प्रवासाला निघाला की त्याची बायको माहेरी जाते, कारण हॉटेलात शिरल्याबरोबर तो आधी आगीच्या वेळी पळायचा जिना कुठे आहे ते बघतो आणि मग तिला तिथून दोनदा उतरायला लावतो. त्यामुळे सुट्टीला तो आमच्या वाट्याला येतो.

मी मेनूकार्ड वाचत होतो. मी ते पहिल्या पानापासून वाचतो, लोक हसले तरी. वाचता वाचता माझ्या ध्यानात आलं, की बांधताना त्यातली दोन पानं उलटसुलट झाली आहेत आणि आइस्क्रीम संपून एकदम तंदूर सुरू होतो आहे. असं काही सापडलं की मला राहवत नाही. ते हिला दाखवायला मी उजवा हात उचलला. त्याच वेळी वेटर उजवीकडून ट्रे घेऊन आले होते.

साठीच्या आसपासचे, पांढऱ्या मिशा बारीक कातरलेले, अंगावर इस्त्रीचा कोट. माझं कोपर ट्रेला लागलं आणि सूप माझ्या मांडीवर आलं. भाजलेला माणूस ओरडतो. मी "काही नाही, काही नाही" म्हणालो. मला वाटतं, माझ्या अंगावर छत कोसळलं तरी मी आधी हेच म्हणेन. हिने मात्र क्षणाचाही विचार न करता टेबलावरचा पाण्याचा जग उचलला आणि सगळाच्या सगळा माझ्या मांडीवर उपडा केला. हॉलमधली माणसं वळून बघू लागली. सूपपर्यंत तो अपघात दिसत होता. जगानंतर ते घरगुती भांडण दिसू लागलं.

रुमाल, आणि रुमालातलं मशीन, दोन्ही त्या सूप-पाण्याखाली होतं.

त्यांनी मला आत नेऊन स्वयंपाक्याची चौकटीची पँट दिली. स्वयंपाकी देहाने भरभक्कम होता, त्यामुळे ती पँट मला हाताने धरून ठेवावी लागली, आणि अशी पँट धरून मी कोपऱ्यावरच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी मलम दिलं आणि पाणी लगेच ओतलं हे फार चांगलं केलं म्हणाले. हिने त्यावर माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की जणू मी तिच्यावर काही आरोप केला होता.

परत येऊन मी हॉलच्या कडेला एका खुर्चीत बसलो. ही माझे कपडे आणायला खोलीवर गेली. मेहुणा ओल्या फरशीचे वेगवेगळ्या बाजूंनी फोटो काढण्यात गुंतला. तेवढ्यात मालक आले, माझ्या उजव्या हाताच्या खुर्चीत बसले आणि बोलू लागले. खूप बोलले. त्यांच्यामागे ते मिशीवाले वेटर हात बांधून उभे होते. मला एक अक्षर ऐकू येत नव्हतं. पण मालकांचा चेहरा इतका आर्जवी होता, की त्यांना थांबवून 'मी बहिरा आहे, डावीकडे येता का' असं म्हणण्याचं धाडस मला होईना. ऐकू न येणाऱ्या माणसाची एक पद्धत असते. समोरच्याचा सूर चढला की भुवया चढवायच्या, उतरला की मान हलवायची. ती मी बरोबर पाळली. मधे एकदा मालकांनी मागे वळून वेटरकडे हात केला आणि मला काहीतरी विचारलं. मी हसून मान हलवली. वेटरांनी डोकं खाली घातलं. माणूस किती नम्र आहे, असं मला वाटलं.

हिने येऊन काय बोलणं झालं म्हणून विचारलं, तेव्हा मी म्हणालो, "विचारपूस करत होते."

त्या मान हलवण्यातून काय काय कबूल झालं, ते पुढे हळूहळू कळत गेलं. पहिलं म्हणजे, मुक्काम असेपर्यंत रोज रात्रीचं जेवण त्यांच्याकडे, त्यांच्यातर्फे. हिला संध्याकाळी होडीत बसायचं होतं. होडीची वेळ आणि आमच्या पाहुणचाराची वेळ एकच होती. नको म्हणून सांगायला मी दोनदा गेलो आणि दोन्ही वेळा धन्यवाद म्हणून परत आलो. मेहुण्याला वेगळीच काळजी. फुकट जेवलो तर प्रकरण मिटलं असा अर्थ निघतो. न जेवलो तर आपण सहकार्य केलं नाही असा निघतो. शेवटी त्याने तोडगा काढला, की जेवायचं, पण निषेध नोंदवून. म्हणजे शेवटचा गोड पदार्थ परत पाठवायचा. त्याला स्वतःला मधुमेह असल्यामुळे हा निषेध आमच्या दोघांच्याच जिवावर होता.

जेवताना स्वयंपाकघराच्या दाराच्या काचेतून ते वेटर दिसायचे. ग्लास पुसत असायचे आणि मधूनच आमच्या टेबलाकडे बघायचे. माझ्यावर त्यांचा लोभ जडला असावा असं समजून मी काचेकडे बघून हात हलवायचो. आता ते आठवलं की मला घाम फुटतो. ज्याने आपल्याला मागे बसवलं तो रोज समोर येऊन जेवतो आणि वर हात हलवून दाखवतो, असं त्या माणसाला दिसत असणार.

घरी आल्यावर ते पत्र आलं आणि मी दोघांना खरं काय ते सांगून टाकलं. मला ऐकू आलं नव्हतं, मी उगाच मान हलवली, आत्ताच्या आत्ता लिहून टाकतो. ही म्हणाली, टाका. मेहुणा मात्र शांतपणे म्हणाला, "भावोजी, तेवढंच एक लिहायचं नाही."

मग त्याने मला समजावलं. समजावलं म्हणजे डाव्या कानाशी येऊन ओरडला, कारण मशीन बंद पडलं होतं आणि तो ते दुरुस्तीला देऊ देत नव्हता; ते पुरावा होतं. पारदर्शक पिशवीत घालून, वर चिठ्ठी चिकटवून त्याने ते कपाटात ठेवलं होतं. डाग पडलेली पँटही पुरावा होती. ती धुवायला मनाई होती. टोमॅटोच्या वासाने तिच्याकडे मुंग्यांची रांग लागली, तेव्हा हिने ती बाल्कनीत टांगली, आणि येणारा-जाणारा माझ्या अपघाताचं दर्शन घेऊ लागला.

मेहुण्याचं म्हणणं असं. कुठलाही वेटर गरम पदार्थ आणताना 'सांभाळा, गरम आहे' म्हणतो. त्या दिवशी म्हणाला की नाही, कुणी ऐकलं? ही तळ्याकडे बघत होती, तो स्वतः पळायचा जिना शोधत होता. म्हणजे साक्षीदार नाही. म्हणजे म्हणाला नाही असं आपण म्हणू शकतो. पण मला ऐकू येत नाही असं मीच लिहून दिलं, की संपलं. मग ते म्हणतील, आमचा माणूस ओरडून सांगत होता, तुमचाच कान बंद होता, तुमचाच हात वर होता. सूप तुमच्यामुळे सांडलं. उलट सूपचे पैसे द्या.

"पण तसंच झालं असलं तर?" मी विचारलं.

"झालं असलं तर काय," तो म्हणाला, "तुम्हाला ऐकू आलं का? नाही ना? मग तुम्ही कशाच्या आधारावर बोलणार?"

अशा प्रश्नांवरच त्याला बढत्या मिळाल्या होत्या. मला मात्र रात्रंदिवस एकच प्रश्न छळू लागला. ते 'सांभाळा' म्हणाले असतील का? मी तो प्रसंग पुनःपुन्हा आठवायचो. मेनूकार्ड, उलटसुलट पानं, माझा हात, कोटाची बाही. मिशा हललेल्या आठवायच्या. पण मिशा हलल्या त्या सूप सांडायच्या आधी की नंतर, ते काही आठवेना.

माझ्या कानाशी ओरडून बोलावं लागत असल्यामुळे आमच्या घरातली बोलणी इमारतीला पाठ झाली. मशीन मी इतकी वर्षं लपवलं, आणि ते बंद पडल्यावर जिन्यातल्या प्रत्येकाला कळलं. मग सल्ले येऊ लागले. वरच्या मजल्यावरचे वकील भाजी घेऊन चाललेले असताना थांबले आणि म्हणाले, की रेस्टॉरंटचं देणं तीन प्रकारचं असतं: शरीराचं, वस्तूचं आणि मनाचं. शरीराचं मलमात गेलं. वस्तूचं म्हणजे मशीन आणि पँट. आणि मनाचं सगळ्यात मोठं, पण त्यासाठी मी जरा खंगलेला दिसायला हवा होतो. "तब्येत सुधारलीय तुमची," ते नाराजीने म्हणाले. फुकटच्या जेवणांनी सुधारली होती.

मशीनच्या बाबतीतही घोडं अडलं. ते सूपने बिघडलं असेल तर रेस्टॉरंटकडे मागता येणार. पाण्याने बिघडलं असेल तर हिच्याकडे. मेहुणा मला मशीनवाल्याच्या दुकानात घेऊन गेला आणि मशीन दुरुस्त न करता नुसतं तपासून तसा दाखला द्या म्हणाला. दुकानदाराने भिंगातून पाहिलं आणि 'आत द्रव गेल्यामुळे निकामी' असं लिहून दिलं. कुठला द्रव, असं मेहुण्याने विचारलं. त्यावर तो म्हणाला, "साहेब, आम्ही चाखून बघत नाही."

घरी हा दाखला वाचला तेव्हा हिचा चेहरा उतरला. "म्हणजे माझ्या पाण्यानं बिघडलं, असं म्हणायचंय का तुम्हा दोघांना?" तिने विचारलं. मेहुणा घाईघाईने म्हणाला, की ताई, आपण पाण्याचा उल्लेखच करायचा नाही. त्यावर ती आणखी भडकली. भर हॉलमध्ये तिने मला वाचवलं, डॉक्टरांनी शाबासकी दिली, आणि आता तिचा भाऊ ते पाणी कागदावरून पुसून टाकायला निघाला होता. दोन दिवस आमच्याकडे जगातून पाणी कुणी ओतून दिलं नाही. ज्याचं त्याने घ्यायचं होतं.

दरम्यान मेहुण्याने उत्तराचा मसुदा केला. 'आमचे सर्व हक्क अबाधित ठेवून कळवण्यात येते की,' अशी सुरुवात होती, आणि काय कळवण्यात येते ते चौथ्या पानावर होतं. त्यात वेटरविषयी काही नव्हतं. मी भीत भीत विचारलं, तर तो म्हणाला, "तो मागे आहे तोवर मालकावर दडपण आहे. आपला हुकमाचा पत्ता तोच आहे." मी आणखी काही बोलणार होतो, पण त्याने पाचवं पान पुढे केलं. तो मसुदा मी वाचायला घेतला, आणि वाचनाची सवय वाईट असते, त्याची भाषा माझ्या अंगात शिरली. दूधवाल्याला चिठ्ठी लिहिताना मी 'हक्क अबाधित ठेवून उद्या अर्धा लिटर जास्त' असं लिहून बसलो. त्याने दूधच टाकलं नाही.

मी चोरून स्वतःचे मसुदे करत होतो, ही गोष्ट खरी. पहिला इतका लांबला की त्यात ग्रंथालय आलं. दुसऱ्यात मी इतकी माफी मागितली, की वाचणाऱ्याला वाटावं मीच त्यांच्या वेटरवर सूप ओतलं. तिसरा बरा होता, पण 'मला ऐकू येत नाही' या शब्दांपाशी आला की पेन थांबायचं. मेहुण्याच्या दाव्याची भीती होतीच. पण सगळा दोष त्याच्यावर ढकलायला नको. अनोळखी माणसाला, सहीनिशी, ते चार शब्द लिहून देणं मला जमेना. मशीनच्या खोक्यावर छापलेलं असतं, 'बाहेरून दिसत नाही'. तेवढ्याच एका कारणाने मी ते घेतलं होतं.

तळमजल्यावर एक केटरर राहतात. लग्नकार्याची जेवणं करतात, माणूस गप्पिष्ट. एका दुपारी मी पायरीवर बसलो होतो, ते शेजारी येऊन बसले, सुदैवाने डावीकडे. त्यांनी बाल्कनीतल्या पँटकडे पाहिलं आणि आपण होऊनच बोलू लागले.

"अंगावर सांडलं, की देणं काय लागतं सांगू? आधी टॉवेल, मग माफी, मग बिल फाडून टाकायचं. ह्या क्रमानं. क्रम चुकला, की माणूस कोर्टात जातो. तुम्हाला टॉवेल आधी मिळाला का?"

मी म्हणालो, आधी पाणी मिळालं, पण ते आमच्याकडचं होतं. ते हसले. मग त्या वेटरचं काय झालं म्हणून त्यांनी विचारलं, आणि मी सांगितलं. मागे ग्लास पुसतात, सर्वांत जुने आहेत, टपालाची वाट बघतात. त्यांचं हसू गेलं.

"मागे बसवलाय? किती दिवस?"

मी बरेच दिवस झाले म्हणालो.

"मग तो राहत नाही," ते म्हणाले. "मालकानं रागावून मागे टाकला तर माणूस सहन करतो. मालक काय, संध्याकाळी विसरतो. गिऱ्हाइकानं नको म्हटलेला माणूस नाही टिकत. तोंडानं काही बोलणार नाही. एक दिवस कोट घडी करून ठेवेल आणि जाईल. त्या वयात दुसरीकडे ट्रे कोण देणार हातात?"

मी विचारलं, गेला असेल का? ते म्हणाले, मला काय माहीत. तुमच्याकडे पत्र आलं आहे, माझ्याकडे नाही.

मी वर आलो आणि टेबलाशी बसलो. मेहुणा त्या दिवशी चहाला येणार होता, तो येण्याआधी लिहून व्हायला हवं होतं. हिने आत येऊन पाहिलं, खुर्ची ओढली आणि माझ्या डाव्या बाजूला बसली.

"काय लिहू?" मी विचारलं.

"त्यांनी विचारलं तेव्हा ऐकू आलं असतं, तर काय म्हणाला असता?"

"काही नाही, काही नाही, असं म्हणालो असतो."

"ते सोडून," ती म्हणाली.

मी लिहिलं. एका पानात मावलं. मग ते कसं झालं आहे हे बघायला मी तिला हळू आवाजात वाचून दाखवू लागलो. ऐकू न येणाऱ्या माणसाचा हळू आवाज किती मोठा असतो, हे त्याला कळत नाही. मला ते हिच्या चेहऱ्यावरून कळायला हवं होतं, पण मी कागदाकडे बघत होतो.

"'आपण माझ्याशी बोललात तेव्हा माझ्या कानात मशीन नव्हतं,'" मी वाचलं. "'मला उजव्या कानाने ऐकू येत नाही. आपण काय विचारलंत ते मला आपलं पत्र आल्यावर कळलं. मी मान हलवली ती समजून हलवली नव्हती. वेटरना दूर ठेवावं अशी माझी इच्छा नव्हती आणि नाही. त्यांनी मला सांभाळा म्हटलं असेल. म्हटलं असेल तर ते माझ्यापर्यंत पोचलं नाही, आणि हात मी उचलला होता. काचेतून मी हात हलवायचो तो नमस्कार होता. मांडी बरी आहे. पाणी माझ्या पत्नीने ओतलं, त्यामुळे ती बरी आहे. आपल्याकडून माझं काही येणं नाही. त्यांना पत्र मिळाल्या दिवसापासून वाढू द्यावं, आणि हे पत्र त्यांना वाचायला द्यावं.'"

मी मान वर केली. दारात मेहुणा उभा होता. त्याच्या मागे जिन्यात कुणीतरी होतं. वरून वकिलांचं काही बोलणं आलं असावं, कारण ही वर बघून म्हणाली, "नाही, ते वाक्य हे गाळणार नाहीत." मग तिने माझ्या कानाशी येऊन सांगितलं, की येणं नाही हे वाक्य काढा असं ते म्हणताहेत, आणि खालचे केटरर म्हणताहेत की पाकीट बंद करा.

मेहुणा आत येऊन बसला. त्याने पत्र मागितलं. त्याच्या आयुष्यात त्याने एवढंच केलं होतं, लोकांची पत्रं वाचायची आणि त्यात ते कुठे फसले ते दाखवायचं. तो सावकाश वाचत गेला. त्याचं बोट 'हात मी उचलला होता' इथे थांबलं.

"हे गेलं की आपल्या हातात काही राहत नाही, भावोजी," तो म्हणाला.

"राहू नये," मी म्हणालो.

मी त्याला इतक्या थोड्या शब्दांत याआधी कधी उत्तर दिलं नव्हतं. त्यालाही ते नवीन असावं. त्याने कागदाची घडी घालून माझ्यापुढे ठेवली. मग म्हणाला, "तो गेला असला तर पत्र परत येईल. नोंदणी करून टाका. म्हणजे निदान पोचलं हे तरी कळेल." एवढं बोलून त्याने चहा घेतला, आणि पिशवीतलं मशीन काढून हिच्या हातात दिलं, दुरुस्तीला टाक म्हणून. पँट त्याने नुसती बघितली.

पोस्टात मी आणि मेहुणा गेलो. तो मागे लागून आला. रस्ता ओलांडताना मला गाड्यांचे आवाज येत नाहीत, हे कारण त्याने दिलं. वाटेत मला शंका आली, की पाकिटात पत्राऐवजी दुसरा मसुदा तर गेला नाही, तो माफीचा. पाकीट फोडून बघावं लागलं. पत्र बरोबर होतं. नवीन पाकीट घेऊन, पत्ता पुन्हा लिहून, आम्ही रांगेत उभे राहिलो. खिडकीपर्यंत पोचेतो माझ्या मनात पन्नास गोष्टी आल्या. ते वेटर कालच कोट घडी करून गेले असले तर. मालक पत्र वाचून हसले तर. गावभर झालं तर की सूप त्या बहिऱ्यानेच पाडलं.

खिडकीतल्या बाईंनी पाकीट उलटसुलट केलं आणि काचेमागून मला काहीतरी विचारलं. त्यांचे ओठ हलले. माझी मान हलायला लागली होती. मी ती रोखून धरली. मेहुण्याने माझ्याऐवजी उत्तर द्यायला तोंड उघडलं. मी त्याच्या दंडावर हात ठेवला.

"मला ऐकू येत नाही," मी त्या बाईंना म्हणालो. "जरा मोठ्याने सांगता का?"

रांगेतली माणसं आमच्याकडे बघायला लागली असतील. मी मागे पाहिलं नाही. बाई खिडकीच्या भोकाशी वाकल्या, त्यांच्या चेहऱ्यावर कसलाच त्रास नव्हता, आणि त्यांनी मोठ्याने विचारलं, "आत काय आहे, आजोबा? किमती काही आहे का?"

"नाही," मी म्हणालो. "नुसतं पत्र आहे. पण लवकर जायला हवं."

त्यांनी तिकीट लावलं, पावती फाडून मेहुण्याच्या हातात दिली आणि शिक्का उचलला. शिक्क्याचा आवाज मला आला नाही. माझे दोन्ही हात खिडकीच्या लाकडी फळीवर होते. ती हलली, आणि बाईंनी पाकीट मागच्या पोत्यात टाकलं.